आतून बैल जुंपलेली लॉरी

पाच माणसं मागून ढकलत होती आणि हिऱ्या बैल पुढं बघत शांतपणे शेण टाकत होता. पुढचे दोन खूर माझ्या नव्या फाळक्यावर, मागचे दोन जमिनीवर. तिथून तो पुढंही जाईना आणि मागंही येईना. त्याचा जोडीदार पाखऱ्या तर फाळक्याच्या जवळसुद्धा यायला तयार नव्हता. तो लांब उभा राहून हिऱ्याची गंमत बघत होता.

फाळका म्हणजे लॉरीच्या मागचं दार. ते वरून खाली पडतं. हा फाळका मी मुद्दाम लांब केला होता, म्हणजे खाली सोडला की त्याचं टोक जमिनीला टेकेल आणि जनावर चढावरून चालल्यासारखं वर जाईल. खूर घसरू नयेत म्हणून त्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. असा फाळका त्या भागात कुणी केलेला नव्हता. बैलांना त्याचं काही कौतुक नव्हतं.

"बापू मिस्त्री," सुभेदार म्हणाले, "परवा सकाळी निगायचं हाय. बैल काय हितनंच आमाला निरोप देनार?"

"चढतील की."

"कवा?"

 मला माहीत नव्हतं.

सुभेदार म्हणजे आमच्या कुंडलचेच. उसाची जमीन होती, लढाई संपल्यावर पलटणीतून घरी आले होते. बोलणं थोडकं, चालणं ताठ, आणि एकदा म्हटलं की म्हटलं. लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी दोन चेसी घेतल्या. चेसी म्हणजे लॉरीचा नुसता सांगाडा. चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि दोन लांब लोखंडी तुळया. ड्रायव्हर खोक्यावर बसून त्यातली एक गावात घेऊन आला तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांना वाटलं, गाडी वाटेत कुणी लुटली.

या सांगाड्यावर ड्रायव्हरची केबिन आणि माल भरायचा हौदा चढवायचा, त्याला बॉडी बांधणं म्हणतात. आज तेच काम लोखंडात होतं. तेव्हा ते लाकडात व्हायचं, आणि लाकूड म्हटलं की सुतार आला. मी सुतार. शाळा तिसरीत सोडली, पण डोळ्यानं बघून फळी किती वाकडी आहे ते सांगायचो. तोवर मी बैलगाड्याच बांधत होतो. लढाईच्या वर्षांत रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या आणि मी ठरवलं, आता बैलगाडी बास. गावाला तसं सांगूनही टाकलं. दारात आलेली गिऱ्हाइकं परत लावली. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, आधी एक लॉरी तरी येऊ द्या. मी म्हटलं, येईल.

ती आली, पण तिच्याबरोबर सांगलीचा एक फोरमनही आला. मोठ्या वर्कशॉपचा माणूस. डोक्याला हॅट, खिशात फूटपट्टी. तो सुभेदारांना माझ्यासमोर म्हणाला, "साहेब, सुतार बॉडी बांधणार म्हणजे इंजिन लावलेली बैलगाडी होणार."

सुभेदारांनी दोघांकडं बघितलं आणि निकाल दिला. "एक चेसी बापूला. औंदच्या जत्रंला माजी खिलार जोडी तिच्यातनं जानार. तितं बैल ताजंतवानं उतरलं, तर दुसरी चेसी बी बापूला. न्हाईतर सांगलीला."

हे एवढंच होतं. पण माझं सगळं त्यावर होतं. एक बॉडी बांधून कुणी बॉडीवाला होत नाही. दुसरी गेली असती, तर मला पुन्हा गाडीच्या चाकाला आरे बसवत बसावं लागलं असतं, आणि तेही परत लावलेल्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन.

जत्रेला बैल लॉरीतून नेणं हा सुभेदारांचा हट्ट. आदल्या वर्षी जोडी चालत नेली होती. औंधला पोचेपर्यंत बैलांचे खूर झिजले, तकाकी गेली, आणि पंचांनी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. पंच म्हणजे जत्रेत जनावरांचे नंबर काढणारे. त्या दिवशी सुभेदारांनी शब्द काढला, पुढच्या खेपेला बैल बसून येतील.

मी जीव ओतून बॉडी बांधली. बाभळीची चौकट, सागाच्या फळ्या. बाभूळ चिवट, धक्का खाते. साग हलका, पाण्याला दाद देत नाही. सगळे सांधे कुसवाचे, म्हणजे एका लाकडाला भोक आणि दुसऱ्याला त्यात गच्च बसणारी जीभ. खिळ्याचं काम नाही. हौदा चेसीच्या तुळयांना बोल्टांनी आवळला आणि हौद्याची पुढची भिंत, जी केबिनच्या पाठीमागं येते, तीही खाली आणि बाजूला बोल्टांनीच धरली.

केबिनच्या कपाळावर नक्षी हवी होती. सुभेदार म्हणाले, दोन बंदुका काढ, तिरक्या. मी बंदूक कधी जवळून बघितली नव्हती. कोरून झाल्यावर त्या उसासारख्या दिसायला लागल्या. मी त्यांना पानं काढली आणि ऊसच केला.

"ह्ये काय?" सुभेदारांनी विचारलं.

"ऊस."

"बंदुका सांगितल्या हुत्या."

"बंदुका सगळ्याच पलटनवाल्यांच्या असत्यात. ऊस तुमचाच हाय."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पेरं चांगली जमल्यात."

असं सगळं जमलं आणि बैलच चढेनात. गूळ दाखवला. हिरवी वैरण दाखवली. डोळ्यांना फडकं बांधलं, तर हिऱ्यानं फडक्यासकट बसकण मारली. तेवढ्यात मंडळी माझी भाकरी घेऊन शेडात आली. तिनं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आवं, जू कुटं हाय? जू दिसल्याबिगर बैल गाडीकडं कशाला जाईल?"

आता खरं सांगायचं तर हे माझ्याही मनात आलंच होतं. ती आधी बोलली एवढंच.

या बैलांचा सगळा जन्म जुवाखाली गेला होता. गाडी म्हटली की तिच्या पुढं जू असतं, जुवाला मान द्यायची, हे त्यांना ठाऊक. गाडीच्या आत नुसतं उभं राहायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी शेडातलं एक जुनं जू काढलं. हौद्याच्या पुढच्या भिंतीला दोन बाभळीच्या दांड्या बसवल्या आणि भिंतीपासून दोन हात मागं, बैलाच्या मानेच्या उंचीला, ते जू पक्कं केलं. शिवळा घातल्या. शिवळा म्हणजे मान जुवातून निसटू नये म्हणून लावलेल्या खुंट्या.

फाळका खाली सोडला. हिऱ्यानं आत बघितलं. जू दिसलं. गडी फाळक्यावरून टकटक चढत गेला आणि आपल्या जागेवर जाऊन मान घालून उभा राहिला. मागोमाग पाखऱ्या. त्याला तर कुणी धरलंही नव्हतं.

सुभेदार हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. बैल चढतात का ते बघायला फोरमन सांगलीहून आला होता.  तो नुसता म्हणाला, "जत्रेत भेटू."

आता ग्यानबाबद्दल सांगायला हवं. ग्यानबा म्हणजे सुभेदारांचा ड्रायव्हर. चाळिशीचा, गोल तोंडाचा, दिलदार माणूस. त्यानं बारा-पंधरा वर्षं सुभेदारांची बैलगाडी हाकली होती, कुंडलचा गूळ सांगलीच्या बाजारात नेला होता. हिऱ्या-पाखऱ्या त्याच्याच हाताखाली शिकले. मग लॉरी आली आणि सुभेदारांनी त्यालाच लॉरी शिकवली. तो शिकला, झटकन शिकला. हात-पाय लॉरीचे झाले. तोंड मात्र बैलगाडीचंच राहिलं. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी त्याच्याशेजारी कधी बसलोच नव्हतो.

पहाट सरल्यावर निघालो. केबिनमध्ये ग्यानबा आणि सुभेदार. सुभेदारांनी जरीचा फेटा बांधला होता, छातीवर पलटणीचे बिल्ले. मी मागं बैलांजवळ, बाजूच्या फळीला धरून. कडेगावपर्यंत झकास. लोक शेतातून पळत रस्त्यावर यायचे. बैल लॉरीत बसून चाललेत हे बघून एक बाई म्हणाली, "बया, आजारी हायत का?"

पुढं चढ लागला. इंजिन जुनं, लष्करानं वापरून टाकलेलं. अर्ध्या चढावर ते धापा टाकायला लागलं. ग्यानबानं गिअर खाली घेतला, स्टिअरिंगवर छाती टेकवली, आणि बारा वर्षं जे करत आला तेच केलं. जिभेनं मोठ्यांदा च्यक् च्यक् केलं आणि आवाज दिला.

"चल रं माज्या वाघा! लाव जोर! हैक्!"

तो हे लॉरीला म्हणत होता.

लॉरीला ऐकू आलं नाही. बैलांना आलं. मालकाच्या माणसाचा आवाज, पुढं चढ, मानेवर जू. दोघांनी खूर फळ्यांत रुतवले, माना खाली घातल्या आणि लावला जोर.

आता बैल लॉरीच्या आत उभे राहून ओढणार म्हणजे लॉरी त्यांच्या जोरानं तसूभर पुढं जाणार नाही. होडीत बसून होडी ढकलण्यातला प्रकार. पण जोर कुठं तरी जाणारच ना. तो गेला जुवात, जुवातून दांड्यांत, आणि दांड्यांतून माझ्या भिंतीत. भिंत करकरली.

"होऽऽ! होऽऽ!" मी ओरडलो. बैल थांबवायची ती हाळी. बैल थांबले.

"चल रं वाघा! हैक्!" पुढून ग्यानबा.

बैल ओढायला लागले.

"होऽऽ!"

"हैक्!"

मी भिंतीवर बुक्क्या मारल्या. ग्यानबा सुभेदारांना म्हणाला, हे मला नंतर कळलं, "हिऱ्या शिंग घासतुय, बरं वाटतंय त्येला." मी आणखी जोरात मारल्या. तो म्हणाला, "लय बरं वाटतंय."

हिऱ्यानं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत साफ लिहिलं होतं की तुम्ही दोघं आधी काय ते ठरवा. मग ग्यानबानं शेवटची हाळी दिली, पोटातून. भिंत कर्रकन पुढं कलली आणि तिचा माथा केबिनच्या छपरावर टेकला. तेवढ्यात चढ संपला. उताराला ग्यानबा गप्प बसला, बैल गप्प उभे राहिले. मीच तेवढा बोलत होतो, पण इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. वाटेत थांबायचा तर प्रश्नच नव्हता. ते इंजिन एकदा बंद पडलं की हँडल मारून दोन माणसांचे खांदे जायचे.

औंधला पोचलो. यमाईचा डोंगर समोर, मैदानात जनावरंच जनावरं. लॉरी थांबली तशी गर्दी झाली. मी फाळका सोडला. हिऱ्या आणि पाखऱ्या ऐटीत खाली उतरले. अंग चकचकीत, खूर शाबूत. लोकांनी वाट करून दिली. मी छाती काढून उभा राहिलो.

सुभेदार उतरेनात.

दार उघडत नव्हतं. केबिनही माझीच, लाकडीच. भिंतीचा भार छपरावर आला आणि दोन्ही बाजूंची चौकट तिरकी झाली. दारं इतकी गच्च बसली की केसही आत जाईना. सुभेदारांनी आतून खांदा लावला. ग्यानबानं लाथा घातल्या.

"खिडकीतनं या सुभेदार," कुणीतरी म्हणालं.

"जत्रंत? फेटा बांदून? खिडकीतनं?" सुभेदारांनी त्या माणसाकडं असं बघितलं की तो गर्दीत दिसेनासा झाला.

ते बसून राहिले. ताठ, समोर बघत. ओळखीचे लोक येऊन काचेशी रामराम करून जायला लागले. कुणीतरी चहा आत दिला. वडूजच्या बाजूचा एक शेतकरी माझ्या कानात म्हणाला, "ह्यो साहेब हितंच बसतुय व्हय? नारळ कुटं फोडायचा?"

एवढ्यात फोरमन आला. त्यानं हॅट मागं सारली, लॉरीला एक फेरी मारली, आणि मला म्हणाला, "करवत आणू? दार कापून काढू. पाच मिनिटांचं काम."

"माज्या दाराला करवत लागनार न्हाई."

"मग?"

तिकडून निरोप आला की पंच निघालेत, आणि जोडीजवळ मालक उभा पाहिजे. मालक नसलेली जोडी बघायची नाही असा त्यांचा रिवाज. बैल ताजेतवाने उतरले होते, पण मालकच आत अडकला, तर उपयोग काय? दुसरी चेसी मला फोरमनच्या हॅटवर बसलेली दिसायला लागली.

उपाय मला समजत होता. भिंतीच्या माथ्याला दोर बांधायचा, तो हौद्यातून मागं काढायचा, आणि बैलजोडीनं मागून ओढायचा. भिंत पुढं कलली ती मागं आली की चौकट सरळ होणार. मी खिडकीजवळ जाऊन सांगितलं.

"बैल? आत्ता वढायला लावू?" सुभेदार म्हणाले. "आरं, त्येंना दमवायचं न्हाई म्हनून तर ह्यो सगळा खटाटोप!"

"दुसऱ्याची जोडी आनू."

"दुसऱ्याच्या बैलानं मला सोडवायचं? औंदच्या मैदानात?"

"मग करवत?"

त्यांनी कपाळावरच्या उसाच्या दिशेनं वर बघितलं. आतून तो दिसत नव्हता, पण त्यांनी बघितलं. "बापू, करवत नगं. पर खिडकीबी नगं. जुप त्येंना."

चाकांमागं दगड लावले. दोर आवळला. हिऱ्या-पाखऱ्याला पाठमोरं जुंपलं. मी हाळी दिली. ते हललेच नाहीत. फोरमननं दिली. पाखऱ्यानं शेपटी उडवली. बैलांनी वाटेत माझं होऽऽ होऽऽ एवढं ऐकलं होतं की माझा आवाज आला की थांबायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

"ग्यानबा," मी ओरडलो, "आता वरड गड्या!"

ग्यानबानं खिडकीतून मुंडी काढली, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज दिला. "चल रं माज्या वाघा! हैक्!"

दोर ताणला. भिंत करकरली, हलली, आणि एका झटक्यात सरळ उभी राहिली. दोन्ही दारं आपोआप उघडली. ग्यानबा एका बाजूनं धपकन खाली आला. दुसऱ्या बाजूनं सुभेदार पाय ठेवून, फेट्याला हात न लावता उतरले, जणू ते आपल्या मनानंच इतका वेळ बसले होते. गर्दीनं टाळ्या पिटल्या.

पंच आले. त्यांनी हिऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, हात ओला झाला.

"सुभेदार, जोडी चालवत आनली काय?"

सुभेदारांना खोटं बोलता येत नव्हतं. "न्हाई. लॉरीतनं आनली."

"मग ह्यो घाम?"

"लॉरी त्येंनीच वढली."

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. जोडीचा दुसरा नंबर आला. पहिला का नाही, हे पंचांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

फोरमन मात्र हौद्यात चढून बसला होता. तो भिंतीचा एकेक सांधा बोटानं चाचपत होता. बोल्ट वाकले होते. लाकूड कुठंही फाटलं नव्हतं, कुसवाची एक जीभही निसटली नव्हती. खाली उतरून तो म्हणाला, "बोल्ट बारीक घातलेस."

ते खरं होतं. मला लोखंडाचा अंदाज नव्हता. पण ते मी त्याला सांगणार नव्हतो. म्हटलं, "मुद्दाम. लाकूड फाटण्यापेक्षा बोल्ट वाकलेला बरा. बोल्ट बदलता येतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि खिशातली फूटपट्टी काढून बोल्टाच्या भोकाचं माप घेतलं. पुढं त्यानंही तसंच बांधायला सुरुवात केली, असं मला सांगलीहून कळलं. त्यानं माझं नाव सांगितलं नसणार.

परतीच्या वाटेवर सुभेदार माझ्याजवळ मागं हौद्यात येऊन उभे राहिले. केबिनमध्ये बसायचं त्यांनी टाळलं. कडेगाव मागं पडल्यावर म्हणाले, "दुसरी चेसी उद्या तुज्या शेडात लावतो."

मी खाली बसून वाकलेला एक बोल्ट चाचपला.

"बोल्ट जाड घाल. जू भित्तीला नगं, तळाच्या तुळयांना धर."

"आनि ग्यानबा?"

"ग्यानबा ऱ्हाईल. बैल त्येचंच ऐकत्यात." मग म्हणाले, "आनि त्या गाडीवर बंदुका काढ."

दुसऱ्या लॉरीवरही ऊसच निघाला. हाताला जे वळण लागलं ते लागलं.

त्यानंतर मी तीस-पस्तीस वर्षं बॉड्या बांधल्या. गुळाच्या, केळांच्या, तमाशाच्या फडाच्या. नवी चेसी आली की लोक आधी माप घ्यायला सांगायचे. मी माप नंतर घ्यायचो. आधी ड्रायव्हरशेजारी बसून जवळचा एक चढ चढून यायचो आणि त्याच्या तोंडाकडं बघायचो. मालकाला वाटायचं, मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकतोय.